ठाण्याहून गाडीने डिस्क गोल्फचे कोर्स खेळत फिरायचं असेल तर आखणी कशी करावी?

डिस्क गोल्फ म्हणजे फ्रिसबीसारखी चकती फेकत फेकत बास्केटमध्ये टाकायचा खेळ. आधी यूडिस्क या डिस्क गोल्फच्या ॲपवर कोर्स शोधा, मग रस्ता ठरवा. उलट केलंत तर नुसतीच भटकंती होईल, कारण आपल्याकडे कोर्स मोजकेच आहेत. ॲपवर दिसतो म्हणून निघू नका. तिथे अलीकडे कोणी खेळलंय का ते बघा आणि आधी फोन करा. १८ होलना (एक होल म्हणजे एक बास्केट) तिघा-चौघांना सहज दोन-अडीच तास लागतात, म्हणून दिवसाला एकच कोर्स. दुसरा हौस उरली तर.

पुण्याकडे जाणार असाल तर पहाटे पाचला ऐरोलीमार्गे कळंबोली गाठा, तिथून एक्स्प्रेस-वे सुरू होतो. शनिवारी सकाळी उशिरा निघालात तर घाटातच मुक्काम! बाइकने मात्र जुना हायवे, एक्स्प्रेस-वेवर दुचाकीला बंदी आहे.

डिस्क तीन पुरतात: ड्रायव्हर (लांब फेकायला), मिडरेंज (मधल्या अंतराला), पटर (बास्केटजवळ). रंग गुलाबी किंवा केशरी घ्या. पावसाळ्यानंतरच्या कमरेएवढ्या गवतात हिरवी डिस्क गेली की गेलीच (माझी गेली). मागे मोबाइल नंबर लिहा. आणि उन्हात उभ्या गाडीत डिस्क ठेवू नका, प्लास्टिक वाकडं होतं.