तेलात पाणी आलं? हेड उघडायच्या आधी चेंबर खोला

प्रश्न : नमस्कार दादा, माझी दहा टायरची गाडी आहे, सहा सिलेंडर, साडेचार लाख किलोमीटर झालेत. फलटणहून साखर भरून जेएनपीटी बंदराला जाते, येताना मिळेल तो माल. पंधरा दिवस झाले, आठवड्याला दोन-अडीच लिटर पाणी कमी होतंय पण खाली कुठे थेंब नाही, आणि डिपस्टिकवर तेल वर सरकलंय, रंग दुधाच्या चहासारखा. रेडिएटरमध्ये तेल नाही, गाडी तापत नाही, धूर नेहमीसारखा. मिस्त्री म्हणतो हेड गॅस्केट गेलंय, आता उघडतोच आहे तर हाफ इंजिन (म्हणजे इंजिनची अर्धी ओव्हरहॉलिंग) करून टाकू. हप्ते चालू आहेत, काय करू? (एक गाडीमालक, फलटण)

उत्तर : सगळ्यात आधी गाडी उभी करा, "एक ट्रिप मारून बघतो" अजिबात नको. कूलंटमधलं ग्लायकॉल तेलात मिसळलं की चिकट गाळ होतो, फिल्टर चोक होतो आणि बेअरिंगं जातात, मग दोन-चार रबरी रिंगांचं काम क्रँकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य शाफ्टवर, जातं.

आता मिस्त्रींचं. ते चुकीचेच असतील असं नाही, पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून हेड गॅस्केट माझ्या यादीत खाली आहे. गॅस्केट म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं सील, ते गेलं की बहुतेक वेळा कंप्रेशन पाण्यात शिरतं, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, होस पाइप दगडासारखे कडक होतात, गाडी पाणी बाहेर फेकते. तुमच्याकडे यातलं काहीच नाही.

ऑइल कूलर (पाण्यानं तेल थंड करणारा भाग) फुटला तर? इंजिन चालू असताना तेलाचं प्रेशर पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असतं म्हणून तेल पाण्यात जातं, आणि इंजिन बंद केल्यावर तेलाचं प्रेशर शून्य पण पाणी अजून गरम आणि दाबात, तेव्हा उलटं होतं. म्हणजे कूलरच्या केसमध्ये रेडिएटरला बहुतेक वेळा तेलाचा तवंग दिसतो. तुमचा रेडिएटर स्वच्छ, म्हणून माझा पहिला संशय लायनरच्या (ज्या नळीत पिस्टन फिरतो तिच्या) खालच्या रबरी ओ रिंगवर. तिथून पाणी सरळ चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात, उतरतं, तेल मात्र वर जाऊ शकत नाही.

पण संशयावर इंजिन उघडायचं नसतं. रात्रभर गाडी उभी ठेवा आणि सकाळी सेल्फ न मारता चेंबरचा बोल्ट हळूच ढिला करा, पाणी तेलापेक्षा जड असतं त्यामुळे जे मिसळलेलं नाही ते आधी येतं. लगेच ब्रेकच्या हवेच्या टाकीचा कॉक पण उघडून बघा, कारण ती हवा भरणाऱ्या कंप्रेसरच्या हेडमध्ये सुद्धा इंजिनचंच पाणी फिरतं आणि त्याचं गॅस्केट गेलेलं असताना लोकांनी अख्खं इंजिन खोललेलं मी पाहिलंय. टाकीतून कूलंटचा रंग आला तर आधी कंप्रेसर बघा.

मग तेल काढून चेंबर उतरवा, रेडिएटर काठोकाठ भरा आणि झाकणाच्या जागी टेस्टिंगचा पंप लावून झाकणावर लिहिलेलं असेल तेवढंच प्रेशर द्या, साधारण १ बार, म्हणजे १४-१५ पाउंड. पंक्चरवाल्याची हवा थेट लावू नका, रेडिएटरच फुटेल. आता खाली झोपून बॅटरी मारा. घाई नको, कधी कधी थेंब यायला रात्र जाते. लायनरच्या बाहेरच्या कडेनं थेंब आला तर ओ रिंग. लायनरच्या आतून, पिस्टनवरून ओघळत आला तर हेड, गॅस्केट किंवा लायनरलाच भोक. कूलरच्या बाजूनं आला तर कूलर काढून बाहेर गरम पाण्यात बुडवून हवा द्या, बुडबुडे दिसतील. पाणी पिस्टनवर साचलंय असं वाटलं तर डिझेलचे नोझल काढल्याशिवाय सेल्फ मारू नका, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

ओ रिंगच निघाली तर लायनर काढावाच लागतो, म्हणजे हेड उघडणारच, तेवढ्यापुरते मिस्त्री बरोबर. पण काढलेल्या लायनरची बाहेरची बाजू स्वतः बघा. सुईनं टोचल्यासारखे खड्डे असतील तर ते कॅव्हिटेशन (पाण्यातले बारीक बुडबुडे फुटून धातू खाल्ला जाणं), कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतत गेल्याचा प्रसाद. तो लायनर परत टाकू नका. ब्लॉकमधली रिंगची बैठक घासून साफ करा, नवीन लायनरची उंची डायल गेजनं मोजून मॅन्युअलशी ताडा (बोटानं चाचपून नाही!), आणि रिंग ईपीडीएम रबराची असेल तर तेल लावू नका, फुगते, साबणाचं पाणी लावा. चेंबर खाली आहेच तर दोन-तीन बेअरिंगं उघडून बघा, ती चांगली असतील तर हाफ इंजिनचा खर्च कशाला. जोडल्यावर स्वस्तातलं तेल आणि नवा फिल्टर टाकून थोडा वेळ रिकामी गाडी चालवा, ते गरमच काढून टाका, मग चांगलं तेल आणि परत नवा फिल्टर. आणि लीक बंद करायची पावडर कुणी दिली तर त्यालाच परत द्या, रेडिएटर चोक होईल.

प्रश्न : माझ्या पिकअपच्या तेलाच्या झाकणाला आतून पांढरा फेस येतो, डिपस्टिक एकदम साफ. पाणी कमी होत नाही. दूधवाटपाची गाडी आहे, दिवसाला आठ-दहा किमी. (महाबळेश्वर)

उत्तर : घाबरू नका, ही वाफ आहे. इंजिन पुरतं तापायच्या आत तुम्ही बंद करता आणि वर महाबळेश्वरचा पाऊस. आठवड्यातून एकदा वाईपर्यंत जाऊन या. आणि मागच्या मालकानं थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलेला नाही ना तेवढं बघा, जुन्या पिकअपमध्ये हे फार होतं.