‘ब्लेड’ या हॉलिवूडच्या व्हॅम्पायरपटाचा पहिला भाग आवडला. पुढचे दोन त्याच्या तोडीचे आहेत का? आणि ‘अंडरवर्ल्ड’ या व्हॅम्पायरपटांच्या मालिकेतले कोणते भाग पाहावेत?

दुसरा पहिल्यापेक्षा सरस आहे, तिसरा सोडून द्या. हेच वाक्य मी वीस वर्षं एका माणसाला सांगत आलेय आणि तो ऐकत नाही, म्हणून तुमचा प्रश्न दिसल्यावर उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना.

तो माणूस म्हणजे माझा दादा. आम्ही मिरजेचे. २००३ साली मी अकरावीत होते. पहिला ‘ब्लेड’ आम्ही केबलवर हिंदीत पाहिला, आवाज अगदी बारीक ठेवून, कारण आतल्या खोलीत आई-बाबा झोपलेले. खाटिकखान्याच्या मागचा तो नाचाचा अड्डा, छतातल्या फवाऱ्यांतून पाण्याऐवजी रक्त, आणि गर्दी मागे सरकल्यावर काळ्या कोटात उभा असलेला वेस्ली स्नाइप्स, म्हणजे व्हॅम्पायरांची शिकार करणारा ब्लेड. दादा उठून टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसला होता. पुढच्या महिन्यात त्याने लायब्ररीतून दुसऱ्या भागाची सीडी आणली. ती संपल्यावर म्हणाला, ‘काही दम नाही, नुसते राक्षस आणि चिकटा.’ मी म्हटलं, मला हाच जास्त आवडला. त्यावर तो म्हणाला, ‘तुम्हा पोरींना मारामारीतलं काय कळतंय?’

ते मला लागलं. अजून लागतं.

आज मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे. या मालिकेने मला या कामात आणलं असं म्हणणं जास्त होईल, पण एक गोष्ट खरी आहे. पहिल्या भागातली डॉक्टर कॅरन जेन्सन रक्तरोगतज्ज्ञ असते. ती व्हॅम्पायरच्या रक्तात ईडीटीए टाकते आणि ते रक्त फसफसून फुटतं. शेवटी ब्लेड त्याच औषधाच्या सिरिंजने व्हिलनला, डीकन फ्रॉस्टला संपवतो. डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षाला प्रॅक्टिकलमध्ये आमच्या मॅडमनी जांभळ्या टोपणाची ट्यूब वर धरली आणि विचारलं, यात काय असतं? वर्गात सगळे गप्प. मी म्हटलं, ईडीटीए. तो रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतो, म्हणून रक्त गोठत नाही. मॅडमनी विचारलं, पुस्तक आधीच वाचलंस का? मी खरं ते सांगितलं. पिक्चरमध्ये नाव ऐकलं, मग अर्थ शोधून काढला. वर्ग हसला, मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘कुठून का असेना, लक्षात राहिलं ना.’ त्या दिवशी घरी आल्यावर दादाला हे सांगितलं, तर म्हणाला, ‘बघ, पहिलाच भाग कामाला आला.’ वादात हा मुद्दा त्याला मिळाला हे मी मान्य करते. विज्ञान पहिल्या भागात जास्त नेटकं आहे.

पण दुसरा भाग सुरूच होतो रक्तपेढीत. प्राग शहर, रात्र, आणि जारेड नोमॅक नावाचा फिकट, थरथरणारा माणूस रक्त द्यायला येतो. घरचं कुणी नाही ना, याची खात्री केली जाते. तिथले कर्मचारी स्वतः व्हॅम्पायर असतात; ज्याच्यामागे विचारणारं कुणी नाही असा माणूस त्यांना हवाच असतो. मग नोमॅकची हनुवटी दुभंगते आणि शिकार करणारेच शिकार होतात. मी नोकरीला लागल्यावर हा प्रसंग पुन्हा पाहिला, तेव्हा अंगावर वेगळाच काटा आला. आमच्याकडे दात्याचा फॉर्म भरताना मीही माणसाचा पत्ता, फोन विचारते. काही जणांना द्यायला पत्ता नसतो. त्यांची ३५० मिलिलिटरची पिशवी भरते, आमच्याकडच्या साध्या पिशवीतलं रक्त ३५ दिवस टिकतं, कुणाच्या तरी बाळंतपणाला लागतं, आणि तो माणूस बिस्किट-कॉफी घेऊन निघून जातो. दिग्दर्शक गिल्येर्मो देल तोरोने राक्षसाची ओळख करून द्यायला नेमकी ही जागा घेतली. आम्ही ज्या खुर्चीत माणसाला ‘घाबरू नका’ म्हणतो, तिथे.

दादाला जो ‘चिकटा’ वाटला, त्याच्या आत एक घर आहे. नोमॅक हा व्हॅम्पायरांच्या म्हाताऱ्या सरदाराचा, दामास्किनोसचा मुलगा. बापाने स्वतःच प्रयोग करून त्याला तसा बनवला आणि मग टाकून दिला. निसा ही त्याची बहीण, बापाच्या शब्दावर चालणारी. बाप तिला आणि ब्लेडला मिळून नोमॅकच्या मागावर पाठवतो. खरं कळल्यावर निसाच बापाचा पळायचा रस्ता बंद करते. नोमॅक बापाला मारतो आणि मग बहिणीलाही चावतो. शेवटच्या मारामारीत ब्लेडची तलवार त्याच्या छातीत शिरते, तेव्हा उरलेलं पातं तो स्वतःच्या हाताने आत ढकलतो. त्याला सुटका हवी असते. मी दादाला विचारलं होतं, यात तुला नुसता राक्षस दिसतो? तो म्हणाला, व्हिलन तो व्हिलन.

मारामारीतलंही बोलते, कारण मला त्यातलं कळत नाही असं ठरवलं गेलं होतं. पहिल्या भागात ब्लेडला तोडीस तोड कुणी नाहीच. फ्रॉस्ट शेवटची दहा मिनिटं सोडली तर गुंड आहे, त्याच्या अंगात देव संचारतो तेव्हा कुठे जोड जमते. दुसऱ्यात शत्रू म्हणजे नोमॅक आणि त्याने चावून स्वतःसारखे केलेले; त्यांच्यावर चांदी चालत नाही, लसूण चालत नाही, काळजाभोवती हाडाचं कवच. म्हणजे ब्लेडची अर्धी हत्यारं बाद. वर सोबतीला ब्लडपॅक हे व्हॅम्पायरांचं पथक, ज्यांनी दोन वर्षं सराव केला तो ब्लेडलाच मारायला. त्यांच्यातल्या रॉन पर्लमनच्या डोक्याला ब्लेड पहिल्या भेटीतच स्फोटक चिकटवतो आणि मग दोघं एकाच बाजूने लढतात. प्रत्येक मारामारीत पाठ कुणाकडे करायची हा प्रश्न असतो. पहिल्या भागात तो प्रश्न कधी पडत नाही. डॉनी येन त्या पथकात आहे, आणि मारामाऱ्या बसवण्यातही त्याचा हात आहे.

तिसऱ्याबद्दल थोडक्यात. तिन्ही भाग लिहिले डेव्हिड गॉयरने, तिसरा त्याने दिग्दर्शितही केला, २००४ मध्ये. ब्लेड स्वतःच्या पिक्चरमध्ये पाहुणा झाला. रायन रेनॉल्ड्स बडबडतो, जेसिका बील कानात गाणी लावून बाण मारते, ड्रॅक्युला म्हणून जो आणला त्याची भीती वाटत नाही. ब्लेडचा म्हातारा साथीदार व्हिसलर सुरुवातीलाच मरतो, आणि शोक करायला कुणाला सवड नाही. सगळ्यात चीड कशाची येते, तर त्यात एक जबरदस्त कल्पना आहे. रस्त्यावरून उचललेली बेघर माणसं प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद करून बेशुद्ध जिवंत ठेवलेली, रक्ताच्या शेतीसारखी. नोमॅकला विचारला होता तोच प्रश्न इथे हजार माणसांचा झाला होता. या एका गोष्टीवर अख्खा पिक्चर उभा राहिला असता. दोन-चार मिनिटांत ते यंत्र बंद करून मंडळी पुढे जातात. मी त्या रात्री टीव्ही बंद केला आणि दादाशी त्या विषयावर बोललेच नाही. तिसरा वाईट यावर आमचं एकमत आहे, एवढंच.

‘अंडरवर्ल्ड’: पहिले दोन पाहा, सलग, दुसरा पहिला संपतो तिथूनच सुरू होतो. तिसरा पूर्वकथा आहे, त्यात केट बेकिन्सेल जवळपास नाहीच, पण मला आवडला. पुढचे नाही पाहिलेत तरी चालेल.

आता दुसऱ्या ‘ब्लेड’मधल्या उणिवा सांगते, नाहीतर अन्याय होईल. व्हिसलर पहिल्या भागात मेला होता; त्याला परत आणायला जे कारण दिलंय ते पटत नाही, आणि तो एका रात्रीत बरा होतो हे तर मुळीच नाही. ब्लेडच्या अड्ड्यावर निसा घुसते त्या मारामारीत काही ठिकाणी माणसांऐवजी संगणकावरच्या बाहुल्या उड्या मारतात आणि ते स्पष्ट दिसतं. रक्तमांस पाहवत नसेल तर तो चिरफाडीचा प्रसंग पुढे ढकला. आणि वर मी शेवट सांगून टाकलाय, त्याबद्दल माफ करा. तो माहीत असूनही मी सहा-सात वेळा पाहिलाय.

पाहण्याची पद्धत सांगते. पहिला आणि दुसरा एकाच रात्री पाहू नका, मध्ये एक दिवस जाऊ द्या. आम्ही महिनाभराने पाहिला खरा, पण दादाने दुसरा लावायच्या आधी पहिल्यातली क्लबची मारामारी दोनदा लावली होती आणि तो त्याच वेगाची वाट बघत बसला. दुसरा सावकाश तापतो. आणि शेवटचा प्रसंग संपेपर्यंत उठू नका. निसाला नोमॅकसारखं व्हायचं नसतं, म्हणून ती सूर्य उगवताना पाहू दे म्हणते. ब्लेड तिला उचलून बाहेर नेतो आणि त्याच्या हातांत तिची राख होते. पहिल्या भागात त्याने स्वतःच्या आईला मारलं तेव्हाही तो इतका हललेला दिसत नाही.

हा प्रसंग चालू असताना दादा स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला होता. मला नक्की आठवतं, कारण माठावरचं झाकण खाली पडलं आणि बाबा जागे झाले. तो परत आला तेव्हा पडद्यावर नावं सरकत होती. दादा, तू तो शेवट पाहिलेलाच नाहीस. दिवाळीला येशील तेव्हा मी सीडी काढून ठेवते, पाणी आधी पिऊन बस.