दारूचा थेंब नाही, तरी लिव्हरचा कॅन्सर कसा?

प्रश्न : माझे मामू गेल्या वर्षी लिव्हरच्या कॅन्सरनं गेले. आयुष्यात दारूला शिवले नाहीत, तरी मयतीला आलेली माणसं हळूच विचारत होती, पीत होते काय म्हणून. आता भावजयीला दिवस गेलेत आणि तपासणीत बी ची कावीळ (हिपॅटायटिस बी) निघाली, तर आईनं तिचं ताट-तांब्या वेगळं केलंय. बचत गटात यावर बोलायचंय. कुणी म्हणतं तुम्ही लोक मटण लई खाता म्हणून होतं. खरं काय, आणि खाण्यात काय बदलायचं?
— एक वाचक भगिनी, सदर बाजार, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी भावजयीचं ताट सगळ्यांच्या पंगतीत आणा. बी ची कावीळ एका ताटात जेवून, उष्टं खाऊन, मिठी मारून होत नाही. ती रक्तातनं जाते, शरीरसंबंधातनं, आणि बाळंतपणात आईकडनं बाळाला. वेगळं काय ठेवायचं तर ब्लेड, टूथब्रश, नेलकटर, एवढंच.

मामूंना कशामुळं झाला ते रिपोर्ट बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण दारू न पिणाऱ्यालाही हा कॅन्सर होतो, कारण बी आणि सी या काविळींचे व्हायरस वीस-तीस वर्षं गुपचूप लिव्हर पोखरत बसतात आणि माणसाला काहीच त्रास जाणवत नाही. अमेरिकेत व्हिएतनाम, चीन, कोरियातनं गेलेल्या लोकांत हा कॅन्सर जास्त दिसला, त्याचं मोठं कारण बी चा व्हायरस, बऱ्याचदा जन्मताच आईकडनं आलेला. तिथं त्यांच्याच भाषेत, त्यांच्या चर्चमध्ये-देवळात जाऊन सांगितलं गेलं. तुम्हीही तसंच करा, मोहल्ल्यात, आपल्या बोलीत. मटणावरनं एखाद्या समाजाला नावं ठेवणं मला अजिबात पटत नाही, तांबडा-पांढरा सगळं कोल्हापूर ओरपतंय. मात्र रोजची तळण, बेकरीचा माल, कोल्ड्रिंक आणि वाढलेलं पोट यानं फॅटी लिव्हर होतं, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठते, शुगर असली तर जास्तच, आणि त्यातनंही कॅन्सरपर्यंत जाऊ शकतं, ते मात्र सांगाच.

आता शेंगदाणे. आपल्याकडं कूट कशात नाही? पावसात भिजलेल्या शेंगा नीट वाळल्या नाहीत की बुरशी धरते, त्या बुरशीतनं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते लिव्हरच्या कॅन्सरचं पक्कं कारण आहे, बी ची कावीळ असलेल्याला तर धोका कितीतरी पट. भाजून, उकळून ते पूर्ण जात नाही. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या आदिवासी भागात बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं गेली, गरिबाला टाकून देणं परवडत नाही, खरं दुखणं तिथं आहे. आपल्याकडं २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पोती भिजली, तसलं बुरशी आलेलं धान्य वाळवून परत वापरायचं नाही. चटणीची मिरची सुद्धा देठापाशी काळी-हिरवट असंल तर बाजूला काढा. मिटींगला दोन वाट्या घेऊन जा, एक चांगल्या दाण्यांची, एक सुरकुतलेल्या, बुरशीच्या डागाच्या दाण्यांची, बायकांना निवडून बघू दे. नुसत्या भाषणानं ध्यानात राहत नाही.

पण ताई, खाण्याच्या आधी तपासणी. मामूंच्या मुलाबाळांची, भावाची, तुमची स्वतःची बी आणि सी ची रक्ततपासणी करा, २०१८ साली सुरू झालेल्या सरकारच्या कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत, सीपीआर या आपल्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा. सी साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरी होते. बी निघाली नाही तर मोठ्यांनाही लस आहे, सहा महिन्यांत तीन डोस. निघाली तर झाडपाल्यावर विसंबून राहू नका, डॉक्टर सांगतील तशी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा.

भावजयीचं बाळंतपण दवाखान्यातच करा आणि बाळाला चोवीस तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं (व्हायरसशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन, हे आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा, ऐनवेळी पळापळ नको. भावजयीला गरोदरपणात आणि पुढंही गोळी लागते का तेही विचारा. अंगावरचं दूधही पाजता येतं. तारीख कधीची आहे? बाळाला पहिल्या दिवशी दोन्ही इंजेक्शनं मिळाली का ते मला नक्की कळवा.