नंबर लपवण्याविषयी: #३१# लावूनही पालकांना तो का दिसतो

ताई, आपले प्रश्न दोन आहेत. शाळेच्या कामासाठी पालकांना फोन करताना आपला वैयक्तिक नंबर त्यांना दिसू नये म्हणून नंबराआधी आपण #३१# लावून पाहिले, पण एका सिमवरून नंबर दिसलाच आणि दुसऱ्यावरून फोनच लागला नाही, हा पहिला प्रश्न. एका पालकाच्या फोनवर आपल्या नावाऐवजी ‘कुलकर्णी मॅडम डबा’ असे उमटले, ते कोठून आले, हा दुसरा. आपण दोन्हींना ‘कॉलर आयडी’ म्हटले आहे, पण नंबर एका वाटेने येतो आणि नाव दुसऱ्याच वाटेने, म्हणून उत्तरेही वेगळी द्यावी लागतील.

आधी नंबराचे पाहू. आपण फोन लावता तेव्हा बोलण्याचा आवाज जाण्याच्या आधी कंपनीच्या यंत्रणेकडून समोरच्या यंत्रणेला एक संदेश जातो. कोणाला फोन करायचा आहे, कोणाकडून येत आहे आणि करणाऱ्याचा नंबर दाखवायचा की नाही, या तिन्ही गोष्टी त्यात असतात. यातली तिसरी म्हणजे केवळ एक खूण आहे. ‘दाखवू नये’ अशी ती खूण असली तरी नंबर त्या संदेशात असतोच. तो समोरच्या कंपनीपर्यंत पोहोचतो आणि ती कंपनी ग्राहकाच्या हँडसेटपर्यंत जाऊ देत नाही, एवढेच. म्हणून ‘प्रायव्हेट नंबर’ असे दिसणाऱ्या फोनची तक्रार झाली तर पोलिसांना कंपनीकडून तो नंबर मिळू शकतो. लपवलेला नंबर म्हणजे पुसलेला नंबर नव्हे, हे धमकीचे फोन करणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते.

मी दूरध्वनी खात्यात लागलो तेव्हा आमच्या केंद्रात अजून स्ट्राउजरची, म्हणजे सिलेक्टर नावाच्या फिरत्या यांत्रिक स्विचांनी फोन जोडणारी जुनी यंत्रणा होती आणि नंबर असा आपोआप पुढे जातच नसे. त्रास देणाऱ्या फोनची तक्रार आली की ग्राहकाला सांगावे लागे की बोलणे लांबवा, रिसीव्हर ठेवू नका. तेवढ्या वेळात आमच्यातला जुना तंत्रज्ञ शिडी घेऊन रॅकच्या ओळीत शिरे आणि कोणत्या सिलेक्टरवर तो फोन थांबला आहे ते पाहत, एकेक टप्पा मागे मागे जात मूळ जोडणी शोधे. दुसऱ्या केंद्रातून आलेला फोन असला तर तिकडे कळवून तिथल्या माणसाला तसेच शोधायला लावावे लागे, आणि तोवर समोरच्याने फोन ठेवून दिलेला असे. आज हँडसेटच्या पडद्यावर फुकट दिसणाऱ्या दहा आकड्यांसाठी तेव्हा दोन माणसे पळत असत.

आता आपल्या कोडकडे येतो. #३१# हा जीएसएमच्या, म्हणजे मोबाइल यंत्रणेच्या, मानकातलाच कोड आहे; नंबराच्या आधी #३१# लावला की तेवढ्या एका फोनपुरती ‘दाखवू नये’ ही खूण लावण्याची विनंती कंपनीकडे जाते. अँड्रॉइडमध्ये फोनच्या सेटिंग्जमध्ये, अतिरिक्त सेटिंग्जखाली जो ‘कॉलर आयडी’ हा पर्याय असतो आणि आयफोनमध्ये ‘शो माय कॉलर आयडी’ असे जे बटण असते, तेही हीच विनंती करतात. पण विनंती मान्य करायची की नाही हे कंपनी ठरवते, आणि भारतात ही सोय सरसकट दिली जात नाही. परवान्याच्या अटींनुसार ज्यांना ती दिली जाते त्यांची यादी सुरक्षा यंत्रणांना उपलब्ध ठेवावी लागते, आणि कॉल सेंटर किंवा टेलिमार्केटिंग करणाऱ्यांना ती देता येत नाही. त्यामुळे आपल्या एका कंपनीने विनंतीकडे दुर्लक्ष करून नंबर दाखवला आणि दुसरीने फोनच अडवला. आपल्या हँडसेटमध्ये काही बिघाड नाही.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. नंबर लपवण्याचा ‘गुप्त कोड’ म्हणून लोक एकमेकांना जे काही पाठवत असतात, त्यात *२१* ने सुरू होणारे आणि पुढे कोणाचा तरी मोबाइल नंबर असणारे कोडही असतात. तो कोड नंबर लपवण्याचा नसून आपले येणारे सगळे फोन त्या दुसऱ्या नंबरावर वळवण्याचा आहे; मग फोनवरून सांगितला जाणारा ओटीपीही तिकडेच जातो. या फसवणुकीमुळेच दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा कोडने फोन वळवण्याची सोय बंद करायला लावली. तरीही कोणी सांगितलेला तारा-हॅशचा कोड अर्थ कळल्याशिवाय लावू नये. त्याचप्रमाणे भलताच नंबर दाखवून फोन करून देणारी ॲप्स वापरू नयेत. नंबर न दाखवणे वेगळे आणि दुसऱ्याचा दाखवणे वेगळे. दूरसंचार कायदा, २०२३ नुसार अशा ओळखचिन्हांत फेरफार करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

परदेशात असलेल्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की अमेरिकेत आणि कॅनडात नंबराआधी *६७, तर ब्रिटनमध्ये १४१ लावला की ही सोय सामान्य ग्राहकालाही मिळते. मात्र अमेरिकेतल्या टोल-फ्री नंबरांना आपला नंबर वेगळ्या मार्गाने तरीही कळतो, कारण त्या फोनचे पैसे ते भरत असतात.

आता ‘मॅडम डबा’. हे नाव आपल्या कंपनीने पाठवलेले नाही. त्या पालकाच्या फोनमध्ये ट्रूकॉलरसारखे ॲप असणार. अशी ॲप्स नंबर बघून आपल्या साठ्यात नाव शोधतात, आणि तो साठा लोकांनी दिलेल्या व सुचवलेल्या नावांतून तयार झालेला असतो. आपण कधी डबे देत असाल, किंवा हा नंबर आपल्याआधी डबे देणाऱ्या कोणाकडे असेल, तर त्या काळचे नाव अजून चिकटून आहे, एवढाच याचा अर्थ. त्या ॲपवर आपल्या नंबराने नोंदणी करून नाव दुरुस्त करता येते. तिथे असायचेच नसेल, तर खाते असल्यास आधी ते बंद करून मग त्यांच्या संकेतस्थळावरील ‘अनलिस्ट’ या पानावर +९१ सह नंबर देऊन तो काढून घेता येतो.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, फेब्रुवारी २०२४ मध्ये शिफारस केलेल्या ‘सीएनएपी’ या पद्धतीत सिम घेताना भरलेल्या अर्जातले नाव खुद्द कंपनीच समोरच्याला दाखवते. तिथे लोकांनी ठेवलेली टोपणनावे चालणार नाहीत, पण आपल्याकडे बायकोचे सिम नवऱ्याच्या आणि मुलीचे सिम वडिलांच्या नावावर असणे इतके सर्रास आहे की पालकांना आपल्याऐवजी आपल्या यजमानांचे नाव दिसायचे. सिम कोणाच्या नावावर आहे ते एकदा पाहून घ्या.

आपल्या मूळ अडचणीवर माझा सल्ला असा की नंबर लपवण्याच्या मागे लागू नये. लपवलेला नंबर पाहून निम्मे पालक फोन उचलणारच नाहीत, आणि मूल तापाने फणफणले असताना तेच नेमके नको असते. शाळेच्या लँडलाइनवरून फोन करणे शक्य असेल तर उत्तम. नाहीतर आपल्याच नावावर दुसरे सिम घेऊन ते फक्त शाळेसाठी ठेवावे, पालकांना तोच नंबर द्यावा आणि संध्याकाळी सहानंतर हँडसेटमधून ते सिम बंद करावे; दोन सिमच्या फोनमध्ये हे एका बटणाचे काम आहे. हे करण्याआधी नंबराआधी #३१# लावणे सोडा आणि सेटिंग्जमधला ‘कॉलर आयडी’ही बदलला असेल तर तो पुन्हा ‘नेटवर्क डिफॉल्ट’वर आणून ठेवा, म्हणजे ज्या सिमवरून आपला फोनच लागत नव्हता त्यावरून तो पुन्हा लागू लागेल.