रक्ताची धार थांबवण्याचा सराव

प्रश्न : आमचे शीटमेटलचे वर्कशॉप आहे, शंभरेक कामगार, तीन पाळ्या. दोघांकडे प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र आहे. शिअरिंग मशीनवर हात कापून रक्ताची धार लागली तर ते निभावतील का? टूर्निकेने (रक्त थांबवण्यासाठी हातापायाला आवळायचा, दांडीने पिळायचा पट्टा) हात कायमचा जातो म्हणून ती पेटीत नको, असे सुपरवायझर म्हणतात.
– एक वाचक, भोसरी

उत्तर : तीन पाळ्यांना दोघे कमी पडतात. १९४८ च्या कारखाना कायद्यातही प्रथमोपचार पेटीची जबाबदारी असलेला प्रमाणपत्रधारक कामाच्या वेळेत हजर हवा, असेच म्हटले होते. प्रत्येक पाळीत किमान दोघे तयार करा.

सुपरवायझरांची भीती काढायलाच हवी. हातापायाच्या शस्त्रक्रियेत सर्जन तास-दीड तास टूर्निके बांधून काम करतात. खरा धोका ती अर्धवट आवळण्यात आहे. तेव्हा शिरा दबतात, धमनी चालूच राहते. रक्त आत येते, परत जात नाही आणि जखम आधीपेक्षा जोरात वाहते. म्हणून जखमेच्या वर, म्हणजे धडाच्या बाजूला, ५ ते ७ सेंमीवर, कोपर-गुडघा टाळून पट्टा बांधा आणि रक्त थांबेपर्यंत दांडी पिळा. जखमी वेदनेने ओरडेल. तरी सैल करायची नाही. थांबले नाही तर दुसरी टूर्निके पहिलीच्या वरच्या बाजूला लावा. बांधल्याची वेळ लिहा. दोरी, वायर नको, ती कातडीत रुतते.

काख, जांघ इथे टूर्निके बसत नाही. तिथे जखमेत गॉज भरावा लागतो. याचा सराव असा घ्या : जाड फोमला ५ सेंमी खोल चीर पाडा, तळाशी सलाइनची नळी आणा, बाटलीत लाल पाणी भरून ती उंच टांगा. बोटाने गॉज थेट तळापर्यंत, धार येते तिथेच दाबत भरायचा. वरवर भरला तर पाणी वाहतच राहते, चूक लगेच दिसते. मग दोन्ही हातांनी, कोपरे ताठ ठेवून, घड्याळ लावून १० मिनिटे दाब. बहुतेक जण दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला ‘थांबलं का?’ म्हणून हात उचलून बघतात. धरू लागलेली गुठळी तिथेच सुटते. ही सवय मोडण्यासाठीच पूर्ण १० मिनिटे घ्या. छाती-पोटाच्या जखमेत मात्र गॉज कोंबू नये.

दाब सुरू असतानाच दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. हळद, कॉफी पावडर काही नको. रुतलेला पत्रा उपटू नका, त्याच्या कडेने दाबा.

सरावाची टूर्निके वेगळी ठेवा, तिला रंगाची खूण करा. वारंवार पिळून तिचा पट्टा कमजोर होतो. ती चुकूनही पेटीत जाऊ देऊ नका.