म्यानमारच्या बहुतेक लोकांना आडनाव नसतं, मग फॉर्ममध्ये नाव कसं भरायचं?

बर्मी माणसाचं नाव अखंड असतं, ते तोडू नका. शेवटचा शब्द आडनाव म्हणून भरला की आई, वडील आणि मुलगा या तिघांची तीन ‘आडनावं’ होतात आणि नात्यावरच शंका घेतली जाते. लग्नानंतर बाईचं नावही बदलत नाही. तुमच्या यंत्रणेत चालत असेल तर पूर्ण नाव एकाच रकान्यात भरा. विमानाच्या तिकिटाला मात्र पासपोर्टवर छापलंय तसंच, आणि आडनावाचा रकाना सक्तीचा असेल तर काय भरायचं ते आधी एअरलाइनला विचारा.

दुसरी नेहमीची चूक आदरार्थी शब्दांची. ऊ, दॉ, को, मा हे बहुधा नावाचा भाग नसतात. संयुक्त राष्ट्रांचे महासचिव (१९६१–७१) ऊ थांट यांचं नाव नुसतं ‘थांट’ होतं. ‘ऊ’ म्हणजे आपलं ‘राव’ किंवा ‘श्री’.

नाव ठेवताना आद्याक्षर जन्मवारावरून घेण्याची परंपरा आहे. बर्मी लिपी ब्राह्मीतूनच आलेली, त्यामुळे हे मराठी माणसाला पटकन कळतं: सोमवारी क-वर्ग, मंगळवारी च-वर्ग, गुरुवारी प-वर्ग, शनिवारी त-वर्ग, रविवारी स्वर. बुधवारचे तर दोन भाग: दुपारपर्यंत ल, व आणि दुपारनंतर य, र. आपल्याकडे नक्षत्राच्या चरणावरून अक्षर काढतात, त्याच्याशी हे ताडून बघा.

आणि वडिलांचं नाव लावायला बंदी नाही. आंग सान सू ची यांच्या नावात ‘आंग सान’ वडिलांचं, ‘सू’ आजीचं, ‘ची’ आईचं. म्हणून त्यांना ‘श्रीमती ची’ म्हणणं चुकीचंच.