दुपारी चाके जड होत असतील तर डबीच्या झाकणातले रबर आधी पाहा

सकाळी आपले किटचे विमान सहज ढकलता येते, दुपारी शेडचा पत्रा तापला की दोन्ही चाके जड होतात आणि ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण सैल करताच मोकळी होतात, हे आपले वर्णन वाचताना माझ्याच जुन्या दुखण्याची हकिकत वाचतो आहे असे वाटले. आपण मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर तेल ब्रेककडे ढकलणारा) बदलायला निघाला आहात; कृपया थांबावे. त्याचा दट्ट्या पूर्ण मागे येत नसता, तर झाकण उघडून चाके सुटली नसती, चाकाजवळच्या कॅलिपरचा, म्हणजे ब्रेकच्या चिमट्याचा, तेल सोडायचा निपल सैल करावा लागला असता. आपल्या डबीच्या झाकणातले हवेचे छिद्र बंद झालेले दिसते, म्हणून तापून फुगलेले तेल ब्रेक दाबून धरते.

ते बंद का होते, हे मला फार महागात कळले. विमानाच्या ब्रेकमध्ये घालतात ते लाल मिल-एच-५६०६ खनिज तेलाचे असते आणि त्याला नायट्राइल रबर चालते. मोटारीचे डॉट-३ किंवा डॉट-४ ग्लायकॉलचे असते, त्याला ईपीडीएम हे वेगळ्या जातीचे रबर लागते. मी ५६०६ वापरणार हे विक्रेत्याला लेखी कळवले होते, तरी त्याने झाकणात ईपीडीएमचा पडदा असलेली मोटारसायकलची डबी ‘विमानासाठी’ म्हणून पाठवली. खनिज तेलात तो पडदा फुगला आणि छिद्रावर चिकटून बसला. तेल दर दहा अंशांना पाऊण टक्क्याच्या आसपास प्रसरण पावते. नवतप्यातल्या आपल्या नागपुरी दुपारी, काठोकाठ भरलेल्या डबीत, त्या तेलाने जावे कुठे? तक्रार केली तेव्हा ‘ब्रेक ऑइल म्हणजे ब्रेक ऑइल, साहेब, दोष सिलिंडरचा आहे’ असे उत्तर आले, आणि झाकणात कोणते रबर आहे या साध्या प्रश्नाचे उत्तर शेवटपर्यंत मिळाले नाही. सिलिंडर, सील, मजुरी सगळे भरून झाल्यावर झाकण बदलले, तेव्हा चाके सुटली. असो.

म्हणून माझे आग्रही मत असे की आधी तेल ठरवावे, मग सील आणि सर्वांत शेवटी डबी. रबराची खात्री नसेल तर त्याचा तुकडा त्याच तेलात काही दिवस बुडवून ठेवावा आणि आधी-नंतर व्हर्नियरने मोजावा. डबी फायरवॉलवर (इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या आगरोधक भिंतीवर) इंजिनाच्या बाजूला बसणार असेल, तर ती धातूचीच असावी. तिथली प्लास्टिकची डबी मला मान्य नाही, कारण ५६०६ लवकर पेट घेते. आगीची धास्ती असेल तर ८३२८२ क्रमांकाचे तेल घ्यावे, ते त्याच सीलना चालते आणि त्याचा ज्वलनबिंदू बराच वर आहे. डबी सिलिंडरपेक्षा उंच असावी, नळी मध्ये कुठेही कुबड न येता चढत जावी आणि तेल कॅलिपरकडून वर चढवून भरावे, म्हणजे हवा आपोआप निघते. वरचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवावा.

एक आडवळणाची सूचना: डबीच्या तळाचे आटे बहुधा १/८ एनपीटी (अमेरिकी पाइप-आटे) असतात, तर हार्डवेअरच्या दुकानात सहसा बीएसपी (ब्रिटिश पाइप-आटे) मिळतात. एकात इंचाला २७ आणि दुसऱ्यात २८ आटे असल्याने जोड सुरुवातीला बसल्यासारखा वाटतो आणि पुढे गळतो. टेफ्लॉन टेपने हा प्रश्न सुटत नाही, उलट तिचे तुकडे सिलिंडरच्या बारीक छिद्रात अडकतात.

मी परवानाधारक अभियंता नाही. आपल्या किटची पुस्तिका वेगळे सांगत असेल तर तीच प्रमाण मानावी आणि टॅक्सी करण्यापूर्वी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. तोवर झाकणातला पडदा काढून तो नव्या पडद्याशेजारी ठेवून पाहावा आणि काय दिसले ते इथे कळवावे.